तांदळातलं नाव

कडी लिंबाजीनेच बसवली होती, आणि ती बाहेरून. चौकटीला छिन्नीने खाच पाडली, दोन खिळे ठोकले आणि ओढून पाहिली. जन्मभर दगड फोडलेल्या हाताला ते काम पाव तासाचं होतं. पण त्याला आता तीन आठवडे झाले होते, आणि कडी वाजली की अजून तो हातातलं टाकून दाराकडे बघायचा.

आत त्याची बायको होती. गाव तिला सविताबाई म्हणायचं.

धम्मचक्र दिनाच्या आदल्या आठवड्यात तिला झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. पंधरा दिवसांनी तोंड सरळ झालं. महिन्याने पाय चालायला लागले, हातही निम्मा परत आला. मराठी तेवढी परत आली नाही.

ती अडतीस वर्षं मराठी बोलली होती, आणि तीही अशी की नळावरच्या भांडणात बायका तिच्या नादी लागत नसत. बाई त्रिपुराची आहे हे नव्या सुनांना सांगितल्याशिवाय कळायचं नाही. तीच बाई आता तोंड उघडायची तर भलतंच काही बाहेर पडायचं. आखूड आखूड शब्द, नाकातून आल्यासारखे, एकामागे एक जोडलेले. ती ते शांतपणे बोलायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबायची. समोरचा गप्प राहिला की पुन्हा तेच बोलायची, मग चिडायची, मग भिंतीकडे तोंड करून पडायची.

शेजारीपाजारी म्हणाले, बाहेरचं लागलंय. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, भान नाही. त्यांनी तिला नाव, गाव, लेकरं विचारली होती. तिने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, पण एकही उत्तर त्यांच्या कागदाशी जुळलं नाही.

मग एका दुपारी ती घरातून निघाली आणि थेट सडकेवर जाऊन उभी राहिली. कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रक दोन हातांवर येऊन थांबला. त्याच संध्याकाळी कडी बसली.

गुरुवारी जेवणं झाल्यावर धम्मानंदने विषय काढला. हा त्यांचा एकुलता मुलगा, पूर्णेच्या तहसिलात कारकून. सून मनिषा अंगणवाडीत. दोघं सकाळी गेले की घरी लिंबाजी आणि कडीमागे ती.

"नांदेडला जागा मिळाली," धम्मानंद म्हणाला. "बायांचा आश्रम हाय. डॉक्टर येतेत, नर्स हाय. सोमवारी सकाळी गाडी सांगितली."

"तिला इथून हलवू नको, धम्मा."

"मी काय हौसेनं करायलोय का, बाबा? त्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून बरं. न्हाई तर?"

"तिला समदं कळतंय."

"काय कळतंय? स्वतःचं नाव इचारलं तर भलतंच सांगती! डॉक्टरनं तीनदा इचारलं. तुमी बी तिथंच हुता की."

लिंबाजीने आपलं ताट मनिषाकडे सरकवलं.

मनिषाने ताटं उचलता उचलता सासऱ्याकडे पाहिलं. "मामा, मी सकाळी भरवते, रातच्याला भरवते. पण दिसभर अंगणवाडीत माझा जीव थाऱ्यावर नसतो. आत्याबाई दारावर धडका देतेत. काल मनगट सुजलं त्यांचं. हे बरं हाय का?"

ती खोटं बोलत नव्हती. सोमवार आणि गुरुवार यांच्यामध्ये तीनच दिवस होते.

शुक्रवारी सकाळी लिंबाजी रेवणसिद्ध मास्तरांकडे गेला. मास्तर लिंगायत गल्लीत राहायचे, नोकरीतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली. वीस वर्षांपूर्वी त्यांनी संध्याकाळचा साक्षरता वर्ग चालवला होता. लिंबाजीला अक्षरं तिथे आली, पन्नाशी उलटल्यावर.

"शरणार्थ, मास्तर."

"जयभीम, लिंबाजी. ये. तोंड का उतरलंय? पुन्हा जोडाक्षर अडलं का काय?"

एरवी लिंबाजी हसला असता. तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला आणि म्हणाला, "मास्तर, बायको बडबडत न्हाई. ती तिची बोली बोलायलीय. आन् हे मला पयल्या दिवसापासून ठावं हाय."

मास्तरांनी चष्मा काढला.

मग त्याने सगळं सांगितलं. तरुणपणी तो त्रिपुराच्या डोंगरात रस्त्याच्या कामावर होता, सुरुंग लावणाऱ्या टोळीत. ती आपल्या आईबरोबर खडी वाहायला यायची. टोपलं पाठीवर, त्याचा पट्टा कपाळाला. लिंबाजीने तिच्याकडून साठ-सत्तर शब्द उचलले होते. तेवढ्यावर लग्नाचं ठरलं. इकडे आणल्यावर विहारात मंगल परिणय झाला, आणि घरी आल्यावर आईने तांदळाचं ताट पुढे केलं. नवऱ्याने अंगठीने तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं. लिंबाजीला लिहिता येत नव्हतं. दाजींनी त्याचं बोट धरलं आणि गिरवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला बंगाली अक्षरं येत होती, ही येत नव्हती. त्याला तर कुठलीच येत नव्हती. तांदळात काय लिहिलंय हे नवराबायकोला दुसऱ्यांनी सांगितलं.

"पुढं धम्मा पोटात असताना आई म्हणाली, ती बोली लेकराच्या कानावर पडू देऊ नको, जीभ जड हुईल. मी तिला म्हनलं, आजपासून बंद. तिनं एकदाच इचारलं, आंगणात एकटी असले तर? मी म्हनलं, तरी बी बंद. तिनं पाळलं, मास्तर. अडतीस वर्सं. झोपंत सुदिक बोलली न्हाई."

"आणि डॉक्टरनं नाव विचारलं तेव्हा?"

"तिनं नाव खरं सांगितलं. तिचं, आईबापानं ठिवलेलं. मी बाजूला उभा हुतो. रेशनकार्डावर सविता, आधारवर सविता, पोराच्या दाखल्यावर सविता. माझं तोंडच उघडलं न्हाई."

"अरे, मग आज जाऊन सांग की पोराला!"

"आता कोण मानंल? म्हणतील, म्हातारा बायकोला ठिवून घ्यायला काय बी रचायलाय. मला त्या साठ शब्दांतले सहा बी आठवत न्हाईत. तिच्या म्होरं बसतो न् ती बोलती. कसं म्हणून सांगू, मास्तर? इहिरीत पडलेल्या माणसाला वरून बघावं आन् दोर सापडू नये, तसं हुतंय."

मास्तर उठून आत गेले आणि एक जुनी वही घेऊन आले. शिक्षक होण्याआधी त्यांनी भाषाशास्त्राची दोन वर्षं केली होती. त्याचा उपयोग गावात कुणाला कधी झाला नव्हता.

"शिकलेली भाषा जाते आणि आईची राहते, असं झटक्यात घडतं म्हणून मी वाचलंय," ते म्हणाले. "आता नीट ऐक. आपली मराठी, हिंदी, बंगाली ही एक भावकी. कानडी, तेलुगु दुसरी. तुझ्या बायकोची बोली तिसऱ्याच भावकीतली. तिचं नाव कोकबरोक. कोक म्हणजे बोली, बरोक म्हणजे माणसं. ही भावकी तिबेटापासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलीय. कधीकाळी मूळ एक. मग हजारो वर्षं माणसं डोंगराडोंगरानं पांगली, नद्यांच्या संगतीनं खाली उतरली. ज्या खोऱ्यात राहिली तिथं बोली वेगळी झाली. तिबेटी आणि ब्रह्मी लोकांनी आपली बोली हजार वर्षांमागं लिहून ठेवली, दगडावर, पानांवर. म्हणून जुनं रूप कळतं. बाकीच्यांचं तोंडातच राहिलं. तुझ्या बायकोच्या बोलीला अक्षरं उशिरा आली, तुझ्यासारखी."

"मग ती एकच भावकी हाय हे कळतं कशावरून?"

"रोजच्या शब्दांवरून. माणूस बाजारातून शब्द उसने आणतो, पण पाणी, विस्तव, डोळा, दोन, तीन हे घरचेच वापरतो. तीनाला तिबेटात म्हणतात सुम. ब्रह्मदेशात थोन. आसामातले बोडो म्हणतात थाम, आणि तुझी बायकोही थामच म्हणणार. आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं. आणि मोजताना माणसांना एक शब्द लावतात, जनावरांना दुसरा, फळांना तिसरा."

लिंबाजीने एकदम मान वर केली. नवी होती तेव्हा ती हसायची, तुमी माणसं आन् शेळ्या एकाच मापानं मोजता म्हणून. त्याच्या आईला ते झोंबायचं.

"बोडो म्हनलात न्हवं, मास्तर? चुडाव्याला रुळाच्या कामावर आसामची माणसं आलेत."

मास्तरांनी वही मिटली. "बोडो तिची सख्खी बहीण नव्हे. चुलत म्हण. तीही दोन पिढ्या लांबची. किती जुळेल सांगता येत नाही."

"न्हाई जुळलं तर?"

"तर सोमवार आहेच," मास्तर म्हणाले, आणि मग बोललो ते बरं नाही असं वाटून त्यांनी आतून चहा मागवला.

चुडाव्याच्या स्टेशनाच्या पुढे, रुळाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. पोरगेलेसे मजूर खडी पसरत होते. खोल्यांमागे चुलीवर एक बाई भलंमोठं पातेलं ढवळत होती. चाळिशीची, ठेंगणी, कमरेला पिवळं वस्त्र गुंडाळलेलं. टोळीचा स्वयंपाक तिच्याकडे होता. तिचं नाव मैनाव नार्जारी.

लिंबाजीने रस्त्याच्या कामावर शिकलेल्या मोडक्या हिंदीत आपलं गाऱ्हाणं मांडलं. तिने पळी न थांबवता ऐकलं.

"त्रिपुरा का है ना? वो हमारा बोली नहीं है, बाबा."

"चुलत हाय म्हणतेत. चचेरा."

"चचेरा!" ती हसली. "चचेरा लोग से तो हम बात भी नहीं करता." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हसू आवरलं. "कितना दिन से कोई नहीं बोला उससे?"

"तीन म्हैना."

लिंबाजीला ते बोलल्यावर वाटलं की हिशोब चुकला, अडतीस वर्षं म्हणायला पाहिजे होतं.

"इतवार को छुट्टी है," मैनाव म्हणाली. "आएगा. सूखा मछली रखना थोड़ा. यहाँ का खाना में कोई बास ही नहीं है."

शनिवारच्या बाजारातून त्याने सुकट आणली. या घरात सुकट शिजली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने माहेरून आणलेली आंबवलेल्या मासळीची पुडी आईने उकिरड्यावर फेकली होती, तेव्हापासून.

रविवारी मैनाव आली. मास्तरही काठी टेकत आले. धम्मानंद कपाळाला आठ्या घालून दारात उभा राहिला. "बाबा, गावात आधीच लोक काय काय बोलायलेत. आता ही कोण मांत्रिक?"

"मांत्रिक न्हाई. रुळावर सैपाक करती."

"ह्ये तर त्याच्याहून भारी!"

लिंबाजीने कडी काढली.

आत बायको खाटेवर बसली होती. मनगटाला मनिषाने बांधलेली चिंधी. मैनाव तिच्यासमोर खाली बसली आणि बोडोत काहीतरी म्हणाली, लांबलचक. ती बघत राहिली. मैनावने पुन्हा म्हटलं, सावकाश. तिच्या भुवया जवळ आल्या. तिने उत्तर दिलं. आता मैनाव बघत राहिली.

असं चार-पाच वेळा झालं. मैनावने लिंबाजीकडे पाहून मान हलवली. "नहीं बाबा. ऐसा लगता है अभी समझेगा, अभी समझेगा, फिर भाग जाता है."

धम्मानंदने निःश्वास सोडला. त्यात वाईट वाटणं होतं आणि सुटल्यासारखंही होतं. "झालं का समाधान, बाबा?"

लिंबाजी मैनावला म्हणाला, "पाणी मांगो. सिर्फ पाणी. एक एक."

मैनावने कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं. "दोइ."

तिने मान वळवून माठाकडे पाहिलं. मग मैनावकडे. "तोइ," ती म्हणाली. पोराला चूक सुधारून सांगावी तशी.

"तोइ," मैनाव म्हणाली. तिने ताटलीतल्या भाताकडे बोट केलं. "माइ."

"माइ!"

तो दोघींचा एकच निघाला. मैनाव पुढे सरकली. घराला एक म्हणे नो, दुसरी म्हणे नोक. विस्तवाला ही ओर, ती होर. मैनावने तीन बोटं दाखवली आणि दोघी एकदमच बोलल्या, "थाम." मास्तर दाराशी लहान मुलासारखे हसले.

त्यानंतर त्या दोघी ज्या वाटेने गेल्या ती वाट खडकाळ होती. दहा शब्दांतले सहा पडायचे, चार उभे राहायचे. मैनाव हाताने दाखवायची, ती नाही म्हणायची, दुसरा शब्द काढायची. पण दोन माणसं बोलत होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. तिचा आवाज चढत गेला. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती थांबत नव्हती.

"विचारा तिला, घरात माणसं किती आहेत," मास्तर म्हणाले.

तिने सगळ्यांवरून बोट फिरवलं, शेवटी ते स्वतःच्या छातीला लावलं. सहा. मग खिडकीतून बाहेर बांधलेल्या शेळीकडे दाखवलं आणि तिच्यासाठी वेगळं मोजून एक सांगितली. मैनावने मांडीवर थाप मारली. "जानवर को अलग गिना! हम भी ऐसा ही गिनता है. आदमी का शब्द इसका दूसरा है, जानवर का एकदम हमारा वाला."

मनिषा पदर तोंडाला लावून उभी होती. "म्हंजी आत्याबाईला समजतंय," ती पुटपुटली. "तीन म्हैने समजत हुतं."

धम्मानंदचा चेहरा अजून आवळलेला होता. "नाव इचारा," तो म्हणाला. "डॉक्टरनं इचारलं तेच इचारा. नाव."

मैनावने विचारलं.

"खुमती," ती म्हणाली.

"बघा! तेच ते. तेव्हा बी हेच म्हणाली. तिला स्वतःचं नाव—"

"तेच नाव हाय तिचं," लिंबाजी म्हणाला.

धम्मानंदने बापाकडे वळून पाहिलं.

"खुमती. आईबापानं ठिवलेलं. तिनं डॉक्टरला खरं सांगितलं, धम्मा. मी तिथं उभा हुतो आन् गप बसलो. सविता हे नाव तुझ्या आजीनं ठरवलं, दाजीनं माझं बोट धरून लिवलं. मला वाचता येत नव्हतं. वाचता आल्यावर बी मी तेच लिवलं. मास्तरच्या वर्गात अक्षरं जमल्यावर पाटीवर बायकोचं नाव लिवून आणा म्हनले, मी सविता लिवलं न् तिला दावलं. ती म्हनली, छान हाय. आन् भाकरी थापायला गेली."

धम्मानंद आईकडे बघत होता. सदतीस वर्षांच्या माणसाला आपल्या आईचं नाव पहिल्यांदा कळलं तर त्याने काय करावं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने ते नाव नुसतं ओठांवर आणलं, आवाज न करता. ती त्याच्याकडे बघून काहीतरी बोलली.

"क्या बोलती?" त्याने मैनावला विचारलं.

"बेटा दुबला हो गया, बोलती." मग मैनाव लिंबाजीकडे न बघता म्हणाली, "और इनके लिए बोलती, ये आदमी को आता था. पहले आता था. अब क्यों नहीं बोलता, पूछो."

लिंबाजीने उठून सुकटीची पुडी मैनावसमोर ठेवली.

मैनावने दुपारी सुकटीचं कालवण केलं. घरभर वास सुटला. खुमतीने डाव्या हाताने तीन वेळा भात मागून घेतला. जाताना मैनावने सांगितलं की अजून दोन रविवार ती आहे. मग टोळी पुढे जाणार, कुठे ते तिलाही माहीत नव्हतं.

धम्मानंदने फोन करून सोमवारची गाडी रद्द केली. पण फोन ठेवल्यावर तो बापाजवळ येऊन बसला. "बाबा, कडी तर लावावीच लागंल. ती सडकंवर कशाला गेली हुती, इचारलंत का?"

"मैनावकडून इचारलं. घरी जायचं म्हनली. त्रिपुरा कुठल्या बाजूला हे बघायला गेलती."

"म्हंजी पुन्हा जाईल."

"जाईल."

सोमवारी सकाळी मनिषा डबा भरून निघाली. तिने कडीला हात घातला तर लिंबाजी उठला, माठातलं पाणी तांब्यात घेतलं, तांदळाचं ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि आत जाऊन खाटेसमोर बसला.

"मामा, तुमी बाहेर या की. मला लावायचीय."

"लाव."

"आन् तुमी?"

"मी बी आत. पाचला आलीस की काढ."

ती घुटमळली. मग दार ओढलं गेलं आणि कडी वाजली. आतून तो आवाज लिंबाजीने पहिल्यांदाच ऐकला. बाहेरून ऐकू यायचा त्याहून तो मोठा होता.

खुमतीने ताट मांडीवर ओढलं आणि डाव्या हाताने खडे निवडायला लागली. लिंबाजीने बोट पुढे केलं आणि ताटाच्या कडेला, तांदळात, सावकाश गिरवलं. खु. म. ती. बोट धरायला कुणी नव्हतं. वेलांटी जरा वाकडी आली.

तिने त्या रेघांकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. मग तळवा फिरवून तांदूळ सपाट केले, एक खडा उचलून बाजूला टाकला, आणि मूठभर दाणे त्याच्या तोंडासमोर धरले.

"माइ," ती म्हणाली, आणि थांबली.

"माइ," लिंबाजी म्हणाला.

तिने मान हलवली. शब्द तोच, सूर चुकला होता. तिने मूठ खाली घेतली नाही.